सीट ओरडते तेव्हा: एका कुरकुरीचा इतिहास

(या भागाचं लिखित रूप. बोलताना राहून गेलेली दोन-चार वाक्यं इथे जोडली आहेत.)

हेडफोन लावले असतील तर आवाज जरा कमी करा, कारण आजचा पहिला आवाज कानाला गोड नाहीये.

(इथे रेकॉर्डिंग वाजतं: आधी घूंऽऽ, मग कर्रर्र, आणि शेवटी टक्-टक्-टक्.)

हा आमच्या गाडीच्या ड्रायव्हर सीटचा आवाज. बटण दाबलं की पुढे-मागे, वर-खाली होते ती सीट. पॉवर सीट. तुम्ही म्हणाल, इतिहासाच्या पॉडकास्टवर हे काय भलतंच? थांबा. या एका आवाजात तीन आवाज आहेत आणि तिघांचे पूर्वज वेगवेगळे आहेत. शिवाय हा आवाज बंद करणं आमच्या घरात फार गरजेचं झालं होतं. ते का, ते आधी सांगतो.

बाबा आणि बटण

माझ्या बाबांनी ३१ वर्षं ट्रक चालवला. सोळाव्या वर्षी क्लीनर म्हणून लागले आणि पुढे ड्रायव्हर झाले. त्यांच्या ट्रकची सीट जागची हलायची नाही. बाबांची उंची ५ फूट ४ इंच, म्हणून ते पाठीमागे गोधडीची घडी घालायचे आणि खाली एक उशी. त्या गोधडीवर हजारो किलोमीटर झाले आणि शेवटी मणक्याने हिशेब मागितला. डाव्या पायात कळ जायला लागली.

म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही सेकंडहँड गाडी घेताना मी हट्टाने पॉवर सीटवाली घेतली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की सीट इतकी वर हवी की गुडघे कमरेच्या वर जायला नकोत, आणि पायाला पेडलसाठी ताणावं लागायला नको. गाडी मीही चालवतो. मी ५ फूट ११ इंच. त्यामुळे मी बसलो की सीट खाली आणि मागे, बाबा बसले की वर आणि पुढे. दिवसातून दोनदा तरी बटण दाबलं जायचं.

आठ महिन्यांनी तो आवाज सुरू झाला आणि बाबांनी बटण दाबणंच बंद केलं. मी विचारलं तर म्हणाले, "ओरडतंय ते. ओरडणाऱ्या यंत्राला दामटू नये." माझ्या मापाच्या सीटवर, पुढे सरकून, काठावर बसून ते पुण्याहून साताऱ्याला गेले आणि परत आले. दारात गाडी लावली, दार उघडलं आणि त्यांना उतरताच येईना. मी आणि शेजारचे काका, दोघांनी धरून बाहेर काढलं.

एका गॅरेजमध्ये दाखवलं. त्यांनी आवाज ऐकला, खाली वाकून बघितलंही नाही, आणि म्हणाले, "खालचं सगळं असेंब्ली बदलावं लागेल. ₹३८,०००."

मग मी घरी येऊन स्वतःची अक्कल चालवली. गंज सोडवायचा पातळ स्प्रे असतो ना, तो आणला आणि सीटखाली हात घालून जमेल तिथे मारला. आवाज बंद! मी खूश. बरोबर दोन आठवड्यांनी आवाज परत आला, आणि आधीपेक्षा मोठा.

माझी चूक काय झाली, ते कळायला जरा मागे जावं लागेल. गाडीच्याही मागे.

"कर्रर्र" कुठून येतो?

दोन वस्तू एकमेकींवर घासल्या की विरोध होतो, हे कुणालाही माहीत असतं. पण त्याचे नियम शोधायला माणसाला बराच वेळ लागला. लिओनार्दो दा विंचीने आपल्या वह्यांमध्ये ठोकळे ओढून प्रयोग केले, पण त्या वह्या लोकांसमोर आल्याच नाहीत. १६९९ मध्ये फ्रान्समध्ये गियोम आमोंतोंने तेच नियम पुन्हा शोधून मांडले. मग १७८० च्या दशकात शार्ल कुलोम, हो, विजेच्या धड्यातला कुलोमच, त्याने यंत्रांमधल्या घर्षणाचा बारकाईने अभ्यास केला. थांबलेली वस्तू सुटायला जास्त जोर लागतो आणि ती एकदा सरकायला लागली की कमी जोर पुरतो, हे त्याने तपासलं. वस्तू एका जागी किती वेळ बसून आहे याचाही फरक पडतो, हेही बघितलं.

आता हे सीटला लावा. कोरडा पडलेला भाग आधी चिकटतो. मोटर जोर लावते, ताण वाढतो आणि तो भाग झटकन सुटतो. पुढे जाऊन परत चिकटतो, परत सुटतो. एका सेकंदात हे कितीतरी वेळा होतं. चिकट-सुट, चिकट-सुट. तोच आपल्याला "कर्रर्र" ऐकू येतो. व्हायोलिनचा बो तारेवर फिरतो तेव्हा हेच घडतं. सारंगीवरही हेच. फरक एवढाच की तिथे आपण तिकीट काढून ऐकायला जातो.

आणि हो, गाड्या जितक्या शांत झाल्या तितके हे बारके आवाज जास्त ऐकू यायला लागले. १९५८ मध्ये डेव्हिड ऑगिल्वीने रोल्स-रॉइसची जाहिरात लिहिली होती. तिचा मथळा साधारण असा, की ताशी ६० मैल वेगात गाडीतला सगळ्यात मोठा आवाज घड्याळाचा असतो. तेव्हा ही फुशारकी होती. आज इलेक्ट्रिक गाडीत इंजिनच नाही, त्यामुळे सीटची मोटर साधी घूं करून फिरली तरी मागे बसलेल्याला कळतं.

सीट हलते, पण कुणासाठी?

फोर्डची मॉडेल टी १९०८ मध्ये आली, तिची सीट जागची हलायची नाही. माणसाने गाडीच्या मापाचं व्हायचं. पुढे हाताने दांडी ओढून सरकवायच्या सीट आल्या. पण अमेरिकन गाड्यांमध्ये पुढची सीट म्हणजे सलग बाकडं असायचं. जुन्या अँबेसेडरमध्ये पुढे तिघं बसायचे ना, तसं. ड्रायव्हरला पुढे यायचं तर शेजारच्या दोघांना घेऊनच यावं लागायचं. हे वजन हाताने सरकवणं सोपं नव्हतं. मोटरची गरज तिथे होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४० च्या दशकाच्या शेवटी, महागड्या अमेरिकन गाड्यांमध्ये यासाठी हायड्रॉलिक व्यवस्था होती. एक विजेचा पंप ब्रेक फ्लुइड दाबाने पाठवायचा आणि त्यावर काचा, सीट, काही गाड्यांचं कापडी छतसुद्धा हलायचं. ऐकायला भारी वाटतं. पण ब्रेक फ्लुइड गळलं की रंग खातं आणि गाद्यांची वाट लावतं. आणि ते गळायचंच.

१९५० च्या दशकाच्या मध्याला बहुतेक अमेरिकन गाड्या ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर आल्या. तेवढ्याच कामाला आता निम्मा करंट पुरणार होता, त्यामुळे वायर बारीक चालणार होत्या. विजेच्या मोटरांना दार उघडलं. १९५७ मध्ये तर सीटला स्मरणशक्तीच आली. फोर्ड थंडरबर्डमध्ये एक डायल मिळायची. किल्ली बंद केली की सीट मागे सरकून उतरायला जागा करायची, आणि चालू केली की ठरवलेल्या जागी परत यायची. त्याच वर्षीच्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोमची किंमत १३,०७४ डॉलर होती, आणि तिच्याही सीटला आपली जागा लक्षात राहायची.

म्हणजे ही श्रीमंतांची चैन? मलाही तसंच वाटायचं. पण त्याच काळातली दुसरी एक गोष्ट ऐका.

अमेरिकन हवाई दलाची विमानं पडत होती आणि कारण सापडत नव्हतं. कॉकपिट बनवलं होतं १९२६ मध्ये घेतलेल्या मापांच्या सरासरीवरून. लोकांना वाटलं, पोरं आता उंच झाली असतील, नवी सरासरी काढू. १९५० मध्ये ओहायोतल्या राइट तळावर ४,००० हून जास्त वैमानिकांची मापं घेतली गेली. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण लेफ्टनंटने त्यातली महत्त्वाची १० मापं घेतली आणि प्रश्न विचारला, या दहाही मापांमध्ये सरासरीच्या जवळपास बसणारे किती? त्याच्या यादीत होते ४,०६३ वैमानिक. उत्तर आलं शून्य. एकही नाही! १९५२ च्या त्याच्या अहवालानंतर हवाई दलाने विचार उलटा केला. माणूस यंत्राच्या मापाचा शोधायचा नाही, यंत्र माणसाच्या मापाला आणायचं. हलणारी सीट तिथे जीव वाचवायची वस्तू ठरली.

हे वाचलं तेव्हा मला बाबांची गोधडी आठवली. तो ट्रक कुठल्यातरी "सरासरी" ड्रायव्हरसाठी बनवलेला होता. तो ड्रायव्हर कधी जन्माला आलाच नव्हता. त्याची किंमत ३१ वर्षं बाबांच्या पाठीने भरली.

मोटर आणि चरखी

आता सीटच्या पोटात शिरू. मोटर छोटी असते, पण फिरते मिनिटाला काही हजार फेरे. सीट मात्र सरकते सेकंदाला एखाद-दोन सेंटीमीटर. एवढा वेग कमी करून त्याचा जोर बनवायचा कसा? दोन जुन्या युक्त्यांनी. एक, मळसूत्री गियर, म्हणजे वर्म गियर. स्क्रूसारखा पिळाचा दांडा फिरतो आणि त्याचे आटे एका दातेरी चाकाला हळूहळू ढकलतात. दोन, लांब स्क्रू आणि त्यावर चालणारा नट. स्क्रू फिरला की नट सरकतो आणि नटाबरोबर सीट.

मळसूत्री गियरचं वर्णन अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने जवळपास २,००० वर्षांपूर्वी करून ठेवलंय. पण आपल्यासाठी गंमत पुढे आहे. कापसातून सरकी काढायची जुनी लाकडी चरखी आठवा, किंवा संग्रहालयात बघा. दोन लाटण्यांसारखे रूळ, त्यातून कापूस पलीकडे जातो आणि सरकी अलीकडे पडते. या रुळांच्या टोकांना लाकडात पिळाचे आटे कोरलेले असतात. एक रूळ फिरवला की आट्यात आटा अडकून दुसरा आपोआप उलटा फिरतो. हा मळसूत्री गियरच! इरफान हबीब यांच्यासारख्या इतिहासकारांनी भारतीय चरखीतल्या या गियरकडे मुद्दाम लक्ष वेधलंय. कोण्या सुताराने तासून काढलेली युक्ती आज गाडीच्या सीटखाली प्लास्टिक आणि स्टीलमध्ये बसलीये.

या युक्तीचा आणखी एक गुण आहे. मोटर स्क्रूला फिरवू शकते, पण सीटला ढकलून स्क्रू फिरत नाही. का? घर्षणामुळे. घाटात तुम्ही करकचून ब्रेक मारता तेव्हा तुमचं सगळं वजन पुढे येतं, तरी सीट जागची हलत नाही. म्हणजे आपल्याला घर्षण शून्य करायचंच नाहीये. जे घर्षण ओरडतं तेच आपल्याला धरूनही ठेवतं. हवंय ते फक्त मापात.

वंगण: मधला माणूस

इजिप्तमध्ये जेहुतीहोतेप नावाच्या राज्यपालाचं थडगं आहे, साधारण ३,९०० वर्षांपूर्वीचं. तिथल्या चित्रात शेकडाभराहून जास्त माणसं दोरांनी एक प्रचंड पुतळा ओढताहेत. पुतळा लाकडी घसरगाडीवर आहे, आणि गाडीच्या पुढच्या टोकावर उभा राहून एक माणूस वाळूवर घड्यातून काहीतरी ओततोय. २०१४ मध्ये अॅमस्टरडॅमच्या भौतिकशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलं की वाळूत योग्य तेवढंच पाणी मिसळलं तर ओढायचा जोर जवळपास निम्मा होतो. कमी पडलं तर उपयोग नाही, जास्त झालं तर उलट त्रास. माप महत्त्वाचं.

आपल्याकडे हे काम करणाऱ्या वस्तूला नेमका शब्द आहे: वंगण. बैलगाडीच्या आसाला लावायचं ते. वंगण संपलं की चाक करकर करायचं आणि सगळ्या रस्त्याला कळायचं की या गाडीवानाचं लक्ष नाही. तेल असतंच की, मग वंगण कशाला? कारण तेल वाहून जातं. वंगण जागेवर बसून राहतं आणि लागेल तसं थोडं थोडं तेल सोडतं. ग्रीस म्हणजे साबणाच्या जाळीत धरून ठेवलेलं तेल. आज गाडीच्या सीटला जे पांढरं ग्रीस लावतात ते लिथियमच्या साबणाचं असतं. त्याची पेटंटं अमेरिकेत क्लॅरेन्स अर्लला १९४२ मध्ये मिळाली. ते उष्णतेत पटकन वितळत नाही आणि पाण्याने सहज धुऊन जात नाही, म्हणून जगभर पसरलं.

आणि या सगळ्याकडे दुर्लक्ष करणं किती महाग पडतं? १९६६ मध्ये ब्रिटनमध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीने अहवाल दिला, की घर्षण, झीज आणि वंगण यांकडे नीट लक्ष दिलं तर देशाचे वर्षाला ५१.५ कोटी पौंड वाचतील. या अभ्यासाला "ट्रायबॉलॉजी" हे नावसुद्धा तेव्हाच मिळालं. देशाचा हिशेब एवढा, तर माझे ₹३८,००० कुठे लागले!

रविवार

बाबांना मी स्प्रेची गोष्ट सांगितली नव्हती. शेवटी सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, "म्हणजे होतं नव्हतं ते वंगण तू धुऊन काढलंस." बास. तो पातळ स्प्रे जुनं ग्रीस सैल करतो, स्वतः काही दिवसांत उडून जातो आणि मागे कोरडं लोखंड ठेवतो. दोन आठवड्यांची शांतता त्याचीच होती.

रविवारी सकाळी आम्ही दोघं बसलो. बाबा खुर्चीवर, मी जमिनीवर. कसं केलं ते क्रमाने सांगतो, कारण क्रम चुकला तर फसाल.

बॅटरी आधी काढायची नाही. आधी सीट पूर्ण मागे घ्यायची, पुढचे दोन बोल्ट सोडायचे. मग पूर्ण पुढे घ्यायची, मागचे दोन सोडायचे. बॅटरी आधीच काढली तर सीट हलणार नाही आणि दोन बोल्ट तिच्याखालीच अडकून राहतील. त्यानंतर किल्ली बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. कारण सीटच्या कुशीत एअरबॅग असते. खाली पिवळा कनेक्टर दिसला तर तो तिचा. त्याला आम्ही हात लावला नाही. वायरी ताणल्या जाणार नाहीत इतपतच सीट मागे कलती केली. तुमच्या गाडीत हे जमत नसेल, किंवा डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा आधीच लागलेला असेल, तर हे घरी करू नका. माहीतगार माणसाकडे जा.

खाली काय निघालं? बिस्किटांचा चुरा, आईची हेअरपिन, वाळू आणि डाव्या रुळाच्या तोंडाशी आडवं बसलेलं दोन रुपयांचं नाणं.

बाबांनी मला परत रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. डोळे मिटून ऐकलं. मग बोटाने दाखवत गेले. "घूं" म्हणजे मोटर, ती ठणठणीत आहे. "कर्रर्र" म्हणजे कोरडा स्क्रू आणि त्यात वाळू. आणि "टक्-टक्"? मधल्या मोटरपासून दोन्ही बाजूंच्या रुळांना एकेक फिरणारी केबल जाते, दोन्ही बाजू एकदम सरकाव्यात म्हणून. डाव्या बाजूला नाणं आडवं आलं, रूळ अडला, आणि केबलचं चौकोनी टोक आपल्या खाचेत घसरायला लागलं. त्याच्या कडा जरा घासल्या होत्या, पण शाबूत होत्या. अजून महिनाभर दामटलं असतं तर गेल्या असत्या. म्हणजे बटण न दाबण्यात बाबा बरोबर होते. यंत्राची बाजू त्यांनी अचूक ओळखली होती. स्वतःच्या पाठीची बाजू मात्र धरली नव्हती.

जुन्या टूथब्रशने आणि कापडाने सगळं पुसून काढलं. मी पांढऱ्या ग्रीसची ट्यूब दाबली आणि बाबांनी माझा हात धरला. "पेस्ट लावतोस काय? काजळ लावतात तेवढं." जास्त लावलं तर परत धूळ धरतं. ट्रकच्या पाट्यांच्या पिनांना ग्रीसगनने ग्रीस भरत ते सोळाव्या वर्षापासून गाडीखाली झोपलेले. तेव्हा उस्तादाने शिकवलेलं त्यांना सगळं आठवत होतं. स्क्रूला, रुळांना, केबलच्या टोकांना, बोटाच्या पेराने, काजळाएवढं.

बोल्ट आधी हाताने बसवले, मग मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाला टॉर्क रेंचने आवळले. तो रेंच एका दोस्ताकडून आणला होता. सीटचे बोल्ट अंदाजाने आवळू नका, अपघातात तेच तुम्हाला धरतात. बॅटरी जोडली. एअरबॅगचा दिवा लागून विझला, म्हणजे ठीक. खर्च: ₹२५० ची ट्यूब. त्यात दोन रुपये परत मिळाले.

"दाब," मी म्हटलं.

बाबा बसले. सीट माझ्या मापावर होती. त्यांनी बटणाकडे बघितलं आणि दाबलं.

(इथे दुसरं रेकॉर्डिंग वाजतं: फक्त घूंऽऽ.)

सीट पूर्ण पुढे, पूर्ण मागे, असं तीनदा फिरवलं, ग्रीस सगळीकडे पसरावं म्हणून. मग त्यांनी ती वर घेतली आणि पुढे घेतली. गुडघे कमरेच्या खाली आले. पाठ टेकली. ३१ वर्षांत पहिल्यांदा गोधडीशिवाय. काही बोलले नाहीत. आरसा तेवढा सारखा करून घेतला.

तर दोस्तांनो, तुमच्याकडेही काहीतरी ओरडत असेल. पंखा, दाराची बिजागरी, गाडीची सीट. बदलायच्या आधी एकदा नीट ऐका. आवाज किती, कधी, कुठून, ते रेकॉर्ड करा आणि घरातल्या एखाद्या जुन्या माणसाला ऐकवा. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, यंत्राची आणि पाठीचीही.